नळाचं पाणी थेट पिता का? टीडीएस ९० आहे, मग आरओ कशाला?

कोरडवाहू

घरात एक वाद पेटलाय, म्हटलं इथे टाकावा. टीडीएस, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत, ते मोजायचं पेन आणलं. स्वयंपाकघरातल्या नळाला ९० दाखवतं, आरओच्या पाण्याला २५. माझं म्हणणं सरळ आहे: मुळात पाणीच ९० चं असेल तर आरओ नुसतं भिंतीला शोभेला लावलंय. शिवाय एक तांब्या पाणी द्यायला त्याहून जास्त मोरीत सोडून देतं ते वेगळंच. बायको म्हणते, पावसाळ्यात गढूळ येतं, मधूनच वास मारतं, यंत्र हलणार नाही. सासरे तिसऱ्याच पक्षात: पाणी उकळायचं, बाकी सगळी थेरं.

शहराला पाणी शुद्ध करूनच सोडतात ना? मग घरोघरी ते परत शुद्ध करायचं कारण काय? थेट नळाचं पिणारे कोणी आहेत का इथे? अनुभव आणि माहिती, दोन्ही चालेल. यंत्र विकणाऱ्यांनी कृपया लांब राहावं.

वाचनमात्र

मी पयला. थेट पितो. लहानपणापासून. धडधाकट आहे.

शंकासुर

@वाचनमात्र, जे धडधाकट राहिले नाहीत ते प्रतिसाद द्यायला येत नाहीत. विदा (डेटा) एकतर्फी आहे. (हलकेच घ्या.)

बादली

आमच्याकडे एका छताखाली तीन पाणी आहेत. सासूबाईंचं उकळलेलं, नवऱ्याचं आरओचं, मुलीचं बाटलीतलं. मी जे हाताला लागेल ते पिते. आजारी मात्र सगळे एकदमच पडतो.

निवळी

कोरडवाहू, ते पेन आधी ड्रॉवरमध्ये टाका. मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला नातेवाइकांपासून लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांपर्यंत सगळे विचारतात.

पेन फक्त एवढंच बघतं की पाण्यातून वीज किती सहज जाते. त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधून आकडा दाखवतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड असली मंडळी. जंतूंची त्याला खबर नसते. शिसं, आर्सेनिक पाण्यात घातक प्रमाणात असलं तरी आकड्यात फरक जाणवत नाही, कारण घातक म्हणजे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या आसपासची गोष्ट आणि पेन मोजतं पूर्ण मिलिग्रॅममध्ये. तुमच्या ९० च्या पाण्यात थोडं सांडपाणी मिसळलं तर पेन कदाचित ९५ दाखवेल. तुम्ही खूश, जंतूही खूश.

जागतिक आरोग्य संघटनेने टीडीएसला आरोग्याची म्हणून मर्यादाच घातलेली नाही. त्यांचं म्हणणं चवीपुरतं आहे: ६०० च्या खाली चव चांगली, १००० च्या वर पिववत नाही. त्यामुळे आरओने ९० चं २५ केलं यात मोठा तीर मारला असं नाही, हे तुमचं बरोबर. पण ९० म्हणजे सुरक्षित, हे त्यातून निघत नाही.

शहराचं पाणी बघायचं तर आधी तीन गोष्टी बघायच्या. गढूळपणा, शिल्लक क्लोरीन आणि कोलिफॉर्म जंतू, म्हणजे सांडपाणी मिसळल्याची खूण देणारे. बाकीची यादी लांबलचक आहे, ती तुमचा उगम कुठला त्यावर ठरते. बोअरचं असेल तर फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिकचा प्रश्न येतो. नदी-धरणाचं असेल तर गढूळपणा, क्लोरीन, कोलिफॉर्म या तिघांवर नजर.

कोरडवाहू

धन्यवाद निवळीताई. पेन ड्रॉवरमध्ये टाकलं. शिल्लक क्लोरीन म्हणजे काय? आणि केंद्रात नेमकं काय होतं ते जरा सविस्तर सांगा ना, आम्हाला शाळेत तुरटी, वाळू, क्लोरीन एवढंच शिकवलं होतं.

निवळी

शाळेत बरोबरच शिकवलं होतं, फक्त ते सोपं वाटतं तेवढं नसतं.

पावसाळ्यातली सकाळ सांगते. रात्री वर कुठेतरी जोराचा पाऊस झालेला असतो, कच्चं पाणी लाल-तांबडं येतं, गढूळपणा काल पंचवीस-तीस होता तो आज कित्येक शे. कालचा तुरटीचा डोस आज चालत नाही. मग जार टेस्ट लावायची. एका रांगेत काचेचे बीकर, प्रत्येकात तेच पाणी, तुरटी मात्र चढत्या क्रमाने. वरून पाती फिरतात, आधी जोरात, मग हळू. थोड्या वेळाने पाण्यात बारीक बारीक पुंजके धरायला लागतात, कापसाच्या तंतूंसारखे. पाती थांबवली की ते खाली बसतात. पहिल्या बीकरमध्ये बसतच नाहीत, पाणी नुसतं दुधट राहतं. मधल्या एखाद्यात वरचं पाणी लख्ख निघतं. तुरटी जास्त झालेल्यात पुन्हा बिघडतं, पुंजके तरंगत राहतात. जो बीकर लख्ख, तो आजचा डोस, आणि तो दुपारी बदलावा लागू शकतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी तुरटीऐवजी पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड वापरतात, तत्त्व तेच.

निवळलेलं पाणी वाळूच्या गाळण्यांतून जातं. गाळणी तुंबली की उलटं पाणी सोडून धुवायची. शेवटी क्लोरीन. क्लोरीनला काम करायला वेळ लागतो, अर्धा तास तरी. पाण्यातली घाण मारण्यात काही क्लोरीन खर्च होतो, खर्च होऊन जो उरतो तो शिल्लक क्लोरीन. हा उरलेलाच तुमचा पहारेकरी. पुढे पाइपात काही शिरलं तर त्याला तोंड द्यायला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने अर्ध्या तासानंतर लिटरला ०.५ मिलिग्रॅम असावा आणि नळापर्यंत पोचताना किमान ०.२ राहावा. नळाला शून्य आला तर बहुतेक वेळा दोन अर्थ: वाटेत कशावर तरी खर्च झाला, किंवा पाणी कुठेतरी फार वेळ पडून राहिलं.

गढूळपणा आधी का घालवायचा? दिसायला बरं म्हणून नाही. मातीच्या कणांआड जंतू लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

रात्रपाळी

फार सुंदर प्रतिसाद. जार टेस्टचं वाचून डोळ्यांसमोर आलं.

जाता जाता, नळाचं पाणी कधीकधी पांढरं, दुधासारखं येतं ते काय असतं? आमच्याकडे पाणी आल्या आल्या येतं.

निवळी

बहुतेक हवा. काचेच्या पेल्यात घेऊन ठेवा. तळाकडून वर स्वच्छ होत गेलं तर हवेचे बुडबुडे, त्यांनी अपाय नाही. वरून खाली स्वच्छ होत तळाला काही बसलं तर गाळ. तपकिरी असेल तर लोह किंवा मँगनीज. उन्हाळ्यात धरण तळाला गेलं की मातकट वास येतो तो जिओस्मिनचा, शेवाळातून आणि काही जिवाणूंतून सुटतो. माणसाचं नाक तो अब्जांशाहूनही कमी प्रमाणात ओळखतं. वास वाईट, अपाय काही नाही.

खडूसराव

क्लोरीन क्लोरीन काय लावलंय. विष आहे ते. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलं. कॅन्सर होतो. आमचे आजोबा विहिरीचं प्यायचे, नव्वदी गाठली.

शंकासुर

खडूसराव, आजोबांची भावंडं किती होती आणि त्यातली किती नव्वदीला पोचली?

खडूसराव

तो मुद्दा नाही.

सूक्ष्मदर्शी

तोच मुद्दा आहे. मी जीवाणूशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल.

खडूसरावांच्या म्हणण्यात एक खरा धागा आहे. क्लोरीन पाण्यातल्या कुजक्या सेंद्रिय पदार्थांशी मिळून ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगं करतो, क्लोरोफॉर्म त्यातलंच. हे १९७४ साली पुढे आलं आणि नंतर त्यांच्यावर मर्यादा आल्या. उपाय असा की क्लोरीन घालायच्या आधी सेंद्रिय पदार्थ जास्तीत जास्त काढायचे, म्हणजे निवळीताई सांगतायत ते काम नीट करायचं. क्लोरीन बंद करणं हा उपाय नाही. ट्रायहॅलोमिथेनचा धोका आयुष्यभर पिण्याच्या हिशेबात मोजतात, कॉलऱ्याचा दोन दिवसांत कळतो.

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला तेव्हा जॉन स्नो यांनी घरोघर फिरून मृत्यू कुठे झाले ते टिपलं आणि बोट एका हातपंपावर ठेवलं. जवळच्याच घरातला मैलाखड्डा पाझरत होता. पंपाचं पाणी त्या वस्तीत चांगलं समजलं जायचं. दिसण्यावर, चवीवर जाऊ नये ते यासाठी. अमेरिकेत जर्सी सिटीने १९०८ मध्ये सगळ्या शहराच्या पाण्याला कायम क्लोरीन द्यायला सुरुवात केली, त्यानंतर ती पद्धत शहराशहरांत गेली आणि विषमज्वर (टायफॉइड) उतरत गेला.

आता दुसरी बाजू. क्लोरीनवर सगळं सोडलं की काय होतं याचं उदाहरण दिल्लीचं आहे. १९५५ च्या शेवटी यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वजीराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत मागे आलं. केंद्राने ते ओळखून क्लोरीन वाढवला. जिवाणू मेले, विषमज्वर वाढला नाही. पण विषाणू टिकले आणि काही आठवड्यांनी काविळीची साथ आली, सुमारे २९,००० रुग्ण. तो हिपॅटायटिस ई होता हे पुढे कित्येक वर्षांनी कळलं.

आणि १९९३, अमेरिकेतलं मिल्वॉकी. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी, त्याच्या कवचाला क्लोरीनचं काही वाटत नाही. गाळणीतून निसटला आणि अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. पाणी तेव्हाच्या नियमांत बसत होतं.

बादली

सूक्ष्मदर्शीसर, आता मी आंघोळ तरी करू का?

सूक्ष्मदर्शी

करा. तोंड मिटून.

उलटीगंगा

डच लोक वितरणाच्या पाण्यात क्लोरीन ठेवतच नाहीत. तरी नळाचं पाणी थेट पितात. म्हणजे क्लोरीन असलाच पाहिजे असं नाही ना?

जुनापाईप

उलटीगंगा, चांगला मुद्दा काढलात. पण ते का जमतं बघा. त्यांच्या पाइपात पाण्याचा दाब चोवीस तास असतो आणि गळती फारच कमी. पाणी आधीच इतकं स्वच्छ केलेलं की जंतूंना खायलाच काही उरत नाही. ही सगळी व्यवस्था असेल तर पहारेकरी काढा. व्यवस्था न करता पहारेकरी काढलात तर निकाल लागेल.

मी पाणीपुरवठ्यात आयुष्य घालवलं, आता निवृत्त. निवळी केंद्रातलं सांगते ते सगळं बरोबर आहे. माझं म्हणणं एवढंच की केंद्राच्या दारातून बाहेर पडणारं पाणी बहुतेक वेळा चांगलंच असतं. भानगड पुढे होते, आणि त्या पुढच्याबद्दल कोणी बोलत नाही. नवीन केंद्र बांधलं की फीत कापता येते, जुन्या पाइपाची कोण कापणार?

पाणी दिवसातून तास-दोन तास सोडलं जातं तिथे काय होतं ते ऐका. व्हॉल्व्ह बंद केला की पाइप रिकामा होत जातो. सखल भागातले लोक शेवटपर्यंत ओढत राहतात, चढावरच्या पाइपात दाब शून्याच्या खाली जातो. शून्याच्या खाली म्हणजे पाइप आता बाहेरचं आत खेचणार. सांधे, जुनी भोकं, कुजलेल्या घरजोडण्या, जिथून पाणी बाहेर गळत होतं तिथूनच आता आत येणार. आणि पाइपाच्या शेजारी काय असतं? गटार. खोदाईचा खर्च वाचवायला एकाच चरात दोन्ही टाकलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. मलवाहिनी वर आणि पाण्याची खाली, असंही.

पाणी सुटलं की पहिला लोंढा पाइपात साचलेलं सगळं घेऊन येतो. म्हणून पहिलं पाणी फरशीला, झाडांना.

यात भर घालणारे आपणच. पाण्याला जोर नाही म्हणून थेट लायनीला मोटर जोडतात. तुमच्या मोटरीने पाइपात ओढ तयार होते आणि शेजारच्या फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी शिरतं. ते तुमच्याच घरी येईल असं नाही, पुढच्या गल्लीतही जाईल. मोटर लावायची तर पाणी आधी खालच्या टाकीत पडू द्या, मग टाकीतून उचला. थेट लायनीवर कधीच नाही.

रात्रपाळी

+१. आमच्या गल्लीत पाणी यायच्या वेळी सगळ्या मोटरी एकदम घरघरायला लागतात. ज्याची नाही त्याला थेंब मिळत नाही, मग तोही घेतो.

शंकासुर

जुनापाईपकाका, चोवीस तास पाणी दिलं की सगळं सुटतं असा सूर दिसतोय. विदा आहे का काही?

जुनापाईप

आहे. हुबळी-धारवाडला काही प्रभागांत चोवीस तास पाणी दिलं आणि बाकी शहरात आधीसारखं अधूनमधून. एकच शहर, तेच केंद्र, तेच पाणी. अभ्यासकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. अधूनमधून पाणी येणाऱ्या भागात जवळजवळ एक तृतीयांश नमुन्यांत ई. कोलाय, म्हणजे मैल्याची खूण असलेला जंतू, चोवीस तासवाल्या भागात शंभरात एकातही नाही. याहून सरळ पुरावा कुठला आणायचा?

कंबोडियातल्या नॉम पेन्हचंही वाचा. १९९३ मध्ये तिथल्या यंत्रणेचं सत्तर टक्क्यांहून जास्त पाणी गळती आणि चोरीत जात होतं, पुरवठा दिवसाचे दहा तास. एक सोन चान नावाच्या अधिकाऱ्याने मीटर बसवले, चोरजोडण्या तोडल्या, बड्या थकबाकीदारांनाही सोडलं नाही. पुढे गळती सहा-सात टक्क्यांवर आली आणि पाणी चोवीस तास झालं. २००६ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळाला. गरीब देश, युद्धातून नुकताच उठलेला.

शंकासुर

हुबळी-धारवाडचा पुढचा भाग तुम्ही सोडलात काका. तिथेच आजारपणाचाही अभ्यास झाला, आणि लहान मुलांच्या जुलाबात एकूण फरक दिसला नाही. नळाचं पाणी सुधारलं, पोटं तशीच.

सूक्ष्मदर्शी

शंकासुर बरोबर आहेत, पण अर्धे. त्याच अभ्यासात चोवीस तासवाल्या भागात विषमज्वर कमी होता आणि गरीब घरांत रक्ती आव कमी होती. साध्या जुलाबाला पाण्याखेरीज दहा वाटा आहेत: हात, माश्या, उघडी गटारं. शिवाय चोवीस तास पाणी मिळालं तरी लोक सवयीने भरून ठेवतात. हंड्यात हात घालून पेला बुडवला की केंद्राने, पाइपाने केलेलं सगळं तिथे संपतं.

बादली

हे आमच्या घरी छापून लावते. सासूबाईंचं उकळलेलं पाणी नवरा पेला बुडवूनच घेतो.

संपादक

विशिष्ट यंत्रांची जाहिरात करणारे प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्त्यांनी सुरुवातीलाच विनंती केली होती.

उलटीगंगा

अवांतर: पोलंडमधल्या वॉर्सामध्ये नदीतून पाणी उचलतात तिथे शिंपल्यांना पहाऱ्यावर ठेवलंय. खरंच. आठ शिंपले, त्यांच्या कवचांना संवेदक चिकटवलेले. पाणी बिघडलं की शिंपला आपलं तोंड मिटतो. पुरेशा शिंपल्यांनी एकदम मिटलं की पुरवठा आपोआप थांबतो. तीन महिन्यांनी त्यांना सोडून देतात.

खडूसराव

तीन महिन्यांत निवृत्ती. पेन्शन आहे का?

वाचनमात्र

आणि आठांपैकी चार मिटले, चार उघडे राहिले तर समिती नेमत असतील.

निवळी

हसू नका, माझ्याकडच्या उपकरणांपेक्षा शिंपले पटकन बोलतात. कोलिफॉर्मची चाचणी लावली की जंतू वाढून दिसायला दिवस जातो. तोपर्यंत ते पाणी लोकांच्या पोटात गेलेलं असतं. म्हणून तर रोज गढूळपणा आणि क्लोरीन बघायचा, ते तिथल्या तिथे कळतात. आणि आकडे खरे लिहायचे. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये मोठा पाऊस झाला आणि शेतातलं शेण उथळ विहिरीत उतरलं. चालवणारे क्लोरीन कमी घालत होते आणि वहीत मात्र मनाने आकडे भरत होते. सात माणसं गेली, दोन हजारांवर आजारी पडले. आमच्याकडे नवीन मुलगा कामाला लागला की मी त्याला ही गोष्ट सांगते, मग वही हातात देते.

रात्रपाळी

शिशाचं कोणी बोललं नाही. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं प्रकरण शिशाचंच ना?

जुनापाईप

हो. एप्रिल २०१४ मध्ये त्यांनी पैसे वाचवायला उगम बदलला आणि नदीचं पाणी घेतलं. ते पाणी पाइप खाणारं होतं आणि गंज रोखणारं रसायन घातलं नाही. जुन्या शिशाच्या पाइपांवरचा थर सुटला आणि शिसं पाण्यात आलं. उगमात शिसं नव्हतंच, वाटेत आलं. पुन्हा तेच: केंद्रात मोजून कळणार नाही, नळालाच मोजावं लागतं. शिशाचे पाइप नसले तरी जुने डाख आणि पितळी तोट्या यांतूनही थोडं येऊ शकतं. रात्रभर पाइपात बसलेलं पाणी सकाळी थोडं सोडून द्यावं आणि पिण्यासाठी गीझरचं गरम पाणी घेऊ नये, एवढं करा.

खडूसराव

मग सगळ्यांनी उकळूनच प्यावं. सासरे बरोबर.

सूक्ष्मदर्शी

जंतूंसाठी सासरे शंभर टक्के बरोबर. खळखळून उकळी आली की झालं. सावध माणसाने मिनिटभर ठेवावं, उंच डोंगरात तीन मिनिटं. क्रिप्टोस्पोरिडियमही मरतो, विषाणूही. पण उकळल्याने शिसं, नायट्रेट, फ्लोराइड जात नाही. वाफ गेली की उलट थोडं घट्ट होतं. आणि उकळलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे झाकून ठेवा आणि त्याच भांड्यातून ओतून घ्या.

आरओवाल्यांनाही हेच. त्यातला कोळसा क्लोरीन आधीच काढून घेतो, म्हणजे यंत्राच्या पोटातल्या टाकीत पाणी उघड्यावर पडल्यासारखंच. गावाला जाऊन आलात तर ती टाकी रिकामी करूनच प्यायला घ्या. टीडीएस कमी असलेल्या शहरी पाण्याला बहुतेक ठिकाणी साधी गाळणी आणि यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) पुरतं. यूव्हीला पाणी स्वच्छ लागतं, गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत. खारं पाणी, फ्लोराइड, आर्सेनिक असेल तर आरओला हरकत नाही.

कोरडवाहू

मंडळी, एवढं वाचल्यावर राहवेना. क्लोरीन तपासायचा संच आणला, गोळी टाकली की पाणी गुलाबी होतं तो. इमारतीत लाइन येते तिथल्या नळाला, मीटरशेजारी, पाणी घेतलं. गोळी विरघळल्याबरोबर छान गुलाबी. तक्त्याशी ताडलं तर ०.४ च्या आसपास. तसाच वर आलो आणि स्वयंपाकघरातल्या नळाचं घेतलं. गोळी विरघळली, पाणी बिनरंगी, पांढरंच. पुन्हा केलं. पांढरंच.

म्हणजे शहराने दिलेलं पाणी ठीक आणि मीटर ते स्वयंपाकघर या पट्ट्यात गडबड?

निवळी

अगदी तसंच. टाकी शेवटची कधी धुतली?

कोरडवाहू

नेमका तोच प्रश्न मी आमच्या सचिवांना विचारला. ते म्हणाले, आधीच्या सचिवांना विचारा. मग गच्चीवर गेलो. झाकण आहे, पण त्याची एक कड तुटलीय, हात जाईल एवढी. टॉर्च मारला. तळाला बोटाच्या पेरभर गाळ, भिंतींना तपकिरी बुळबुळीत थर. पाण्याच्या रेषेवर कबुतराची पिसं चिकटलेली. ओव्हरफ्लोचं तोंड सताड उघडं. फोटो काढलाय, पण तो इथे टाकत नाही, बायकोला दाखवला. ती म्हणाली, म्हणजे यंत्र राहणार. मी म्हटलं, म्हणजे टाकी धुणार. पुन्हा वाद.

शंकासुर

दोघंही बरोबर. टाकी धुईपर्यंत वहिनी, धुतल्यावर तुम्ही.

बादली

आमच्या टाकीला कुलूप आहे, किल्ली कोणाकडे ते कुणालाच माहीत नाही. निदान कबुतराकडे तरी नसावी.

निवळी

धुताना घासून सगळा गाळ बाहेर काढा, नुसतं पाणी ओतून खळबळू नका. मग ब्लीचिंग पावडरचं तीव्र पाणी भिंतींना लावून, टाकीत भरून काही तास ठेवा, ते सोडून द्या, मग ताजं भरा. पावडर ताजी आणा, उघड्या पोत्यातली मेलेली असते. आणि फरशी धुवायचं अॅसिड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. माणूस टाकीत उतरणार असेल तर झाकण उघडं ठेवून हवा खेळू द्या आणि बाहेर दुसरा माणूस उभा करा. धुतल्यावर वरच्या नळाला पुन्हा गोळी टाकून बघा.

जंतूंची शंका असेल तर एच-टू-एसची बाटली मिळते. पाणी खुणेपर्यंत भरा, उबदार जागी ठेवा. दीड-दोन दिवसांत काळं झालं तर ते पाणी पिऊ नका. मात्र क्लोरीन असलेल्या पाण्यात निकाल तपासताना बाटलीत क्लोरीन मारणारं रसायन आहे ना, ते वेष्टनावर बघा.

जुनापाईप

आणि कोरडवाहू, टाकी धुतली पण भोक तसंच ठेवलं तर पुढच्या पावसाळ्यात परत हाच धागा काढाल. झाकण बदला, घट्ट बसणारं घ्या. ओव्हरफ्लो आणि हवेच्या पाइपाला बारीक जाळी बांधा, डास आणि पाखरं दोन्ही थांबतात. टाकी फार मोठी असेल तर तिच्यात पाणी दोन-तीन दिवस पडून राहतं आणि क्लोरीन तिथेच मरतो. बॉलकॉकचा (फ्लोट व्हॉल्व्हचा) तरंगता गोळा थोडा खाली आणा, म्हणजे रोज लागतं तेवढंच भरेल. पिण्याच्या पाण्यासाठी मीटरजवळून एक वेगळी तोटी काढता येत असेल तर प्लंबरला विचारा, तुमच्याकडे पाणी यायच्या वेळी तिथूनच पिण्याचं भरा. खालची टाकीही उघडून बघा. गटाराची चेंबर तिच्या किती जवळ आहे ते आधी मोजा.